टर्बो गाडी घेताय? आधी तिचा दम कुठे लागतो ते बघा

आमच्या पुण्यातल्या गॅरेजमध्ये आम्ही गाडी घेण्याआधी तपासून देतो. जोशात पळणारी पण खिशाला झेपणारी गाडी शोधणारी मंडळी येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्या पैशात पॉवर पुरेशी आहे ना?" त्याचं उत्तर दर वेळी तोंडी नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

बरेच जण पीएसला (पॉवर मोजायचं एकक, साधारण एक हॉर्सपॉवर) लाखांतल्या किमतीने भागून येतात. २०१५ ची अबार्थ पुंटो १४५ पीएसची, ९.९५ लाख एक्स-शोरूम, म्हणजे लाखाला साडेचौदा पीएस. जून २०२४ मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसर १२० पीएसची, ९.४९ लाखांपासून, म्हणजे लाखाला साडेबारा. या हिशोबात पुंटो सरस ठरते. पण मधल्या नऊ वर्षांत रुपया तेवढाच राहिलेला नाही, हे त्यात धरलेलंच नसतं.

शिवाय किमतीत कर असतो, आणि तो पॉवर बघून लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत बसते. इंजिन तेवढंच पण लांबी जास्त असली की ४० टक्के. वर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांत १२ टक्के रोड टॅक्स. म्हणून दोन गाड्या ताडून बघताना ऑन-रोड किंमत लावा, आणि वरचे पैसे पॉवरचे की लांबीचे, ते आम्हाला विचारा.

आता मुख्य गोष्ट. पीएसचा आकडा इंजिन पार वर, पाच-सहा हजार आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं तेव्हाचा असतो. माणगावकडून ताम्हिणी चढताना वळणावर वेग पडतो, तुम्ही पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबता, तेव्हा आरपीएमचा काटा दोन हजारांच्या आसपास असतो. फोक्सवॅगन व्हर्टसचं १.० टीएसआय इंजिन टर्बोवालं, म्हणजे त्यात जास्त हवा दाबून भरली जाते. ते ११५ पीएसचं, पण १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५० आरपीएमपासूनच देतं. होंडा सिटीचं १.५ इंजिन टर्बोशिवाय १२१ पीएस देतं; टॉर्क १४५, तोही ४३०० आरपीएमला. टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२४ ने भागा, की त्या क्षणाची पॉवर पीएसमध्ये निघते. दोन हजारांवर टीएसआय सुमारे ५० पीएस देतं. सिटी ४१ च्या वर जाऊच शकत नाही. कागदावर मोठी ती त्या वळणावर लहान. उलट गिअर खाली टाकून इंजिन साडेसहा हजारांपर्यंत नेण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याच्यासाठी सिटीच बरी. तो आनंद खरा आहे आणि आम्हालाही आवडतो.

वजनही बघा. बलेनो आरएस १०२ पीएसचीच होती, पण ९५० किलोची. १९८९ मध्ये जपानमध्ये निघालेली माझदाची छोटी रोडस्टर (उघड्या टपाची, दोन सीटची गाडी) १२० पीएसची, वजन ९४० किलो. त्या जोरावर ती जगभर आवडती झाली. आमचं स्पष्ट मत आहे: ११०-१५० पीएस आणि हलकी गाडी, एवढं आपल्या घाटांना भरपूर होतं. त्यापुढचे दोन लाख पीएसवर घालू नका.

ते कुठे घालायचे? टायर आणि ब्रेक. गेल्या पावसाळ्याआधी एक ग्राहक घाट उतरून थेट आमच्याकडे आले. पेडल मऊ पडलं होतं, पाय टेकला की तळाला जात होतं. ब्रेक ऑइल बाटलीत काढलं तर कोऱ्या चहासारखं काळपट. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषून घेतलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि उतारावर ब्रेक तापायला वेळ लागत नाही. ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल मऊ पडतं. ऑइल बदललं, पॅड घातले, पेडल पुन्हा घट्ट झालं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कमी चालली तरी.

इंजिनचं मॅपिंग (त्याच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) बदलून पॉवर वाढवून द्या, असंही लोक सांगतात. ते आम्ही करत नाही. व्हर्टसचं १.५ टीएसआय आधीच २५० न्यूटन मीटर देतं, आणि त्याच्या सात गिअरच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची मर्यादाही २५० च आहे. त्यावर भर घातली की ताण क्लचवर येतो, वॉरंटी जाते, आणि न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडतो.

ट्रायलला जाताना घरातली माणसं बसवून न्या, एसी चालू ठेवा, शोरूमसमोरच्या सरळ रस्त्याऐवजी चढ शोधा. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून दाबा आणि ओढ लागायला किती क्षण जातात ते मनात मोजा. जुनी गाडी असेल तर आरसी बुक आणि सर्व्हिसची बिलं घेऊन या. तुमचा रोजचा रस्ता कोणता ते सांगा, म्हणजे ट्रायल त्याच रस्त्यावर घेऊ.