नरवाईचा धूर माळव्यात आला कुठून

एप्रिलमध्ये इंदूरात संध्याकाळी जळकट वास यायला लागला की लोक लगेच पंजाबचं नाव घेतात, पण हा धूर पंजाबचा नाहीये हो, तो सांवेर, देपालपूरकडच्या गव्हाच्या शेतांतला. गहू काढल्यावर जी धसकटं उभी राहतात त्यांना इथे नरवाई म्हणतात, आणि तीच जाळतात.

पूर्वी जाळायला ती उरायचीच कुठे! माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी पडीक ठेवायचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू घ्यायचे, कापणी विळ्याने अगदी बुडापासून, मळणीतला भूसा वर्षभर बैलांना. १९७० नंतर सोयाबीन आलं, पडीक रानं पावसाळ्यातही पिकायला लागली, १९८७ मध्ये सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्रसुद्धा इंदूरातच निघालं. त्याच सुमारास ट्यूबवेल आणि ट्रॅक्टर वाढले आणि बैल कमी होत गेले. माझ्या मते खरी गोम इथेच आहे, दावणीला बैल नाही तर भूसा जपून ठेवणार कोण? मग हार्वेस्टर आले, आजही मार्चमध्ये पंजाबहून ड्रायव्हरसकट येतात, ते वरच्या ओंब्या घेतात आणि फूटभर धसकट तसंच सोडून पुढच्या शेतात.

पंजाबात जाळण्यामागे निदान घाई तरी असते, तिथे भात काढून गहू पेरायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, २००९ च्या भूजल कायद्याने भाताची लावणी पुढे ढकलल्यावर तर वेळ अजूनच कमी झाला. आपल्याकडे सोयाबीनची पेरणी जूनच्या शेवटी, म्हणजे दोन महिने मोकळे, तरी जाळतात, कारण काडेपेटी स्वस्त आणि धसकटं मातीत मिसळणाऱ्या रोटावेटरला लागणारं डिझेल महाग. नर्मदापुरम, हरदाकडे मधे उन्हाळी मूग घेतात, तिथली घाई मात्र खरी आहे.

बंदी काही नवीन नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा (एनजीटी) आदेश आला, २०१७ मध्ये मध्य प्रदेशाने एकरांच्या हिशोबाने २,५०० ते १५,००० रुपये दंड ठरवला, २०२५ मध्ये तर जाळणाऱ्याचा गहू हमीभावाने घेणार नाही असंही जाहीर झालं. निर्बंध वाढत गेले पण बैलाबरोबर गेलेली भुशाची किंमत शेतकऱ्याला परत कशी मिळेल हे कोणी धड बघितलंच नाही, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, कारण हार्वेस्टरच्या मागून स्ट्रॉ रीपर फिरवला की त्याच नरवाईचा भूसा होतो आणि इथले दूधवाले तो पैसे मोजून विकत घेतात.