आरटीपीसीआरला व्हेरियंट दिसत नाही, मग तो दिसतो कशात?

कोविडचा विषय निघाला की आमच्या बेळगावात अजून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "आरटीपीसीआर केलेली की आमची, पण डेल्टा का ओमिक्रॉन ते रिपोर्टात लिहिलंच नाही, लपवलं असणार." कुणी काही लपवलेलं नाही ओ, त्या टेस्टला ते कळतच नाही. २०२१ ला कोगनोळी टोलनाक्यावर महाराष्ट्रातनं येणाऱ्यांचा जो ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट बघायचे, ती टेस्ट व्हायरसच्या जिनोममधल्या, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकीय मजकुरातल्या, दोन-तीन छोट्या जागा सापडतात का एवढंच बघते. आणि जिनोम आहे जवळपास ३० हजार अक्षरांचा, अक्षरं म्हणजे चारच प्रकारचे रासायनिक घटक, एकापुढं एक ओवलेले. बदल दुसरीकडं कुठं झाला असेल तर त्याचा पत्ता लागत नाही, व्हेरियंट नक्की करायचा तर सगळी ३० हजार अक्षरं वाचायला लागतात, त्यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात.

आणि ते वाचतात कसं हे इतकं भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वॅबमध्ये व्हायरसचा आरएनए अगदीच थोडा असतो, तोही तुटका. म्हणून आधी त्याचा डीएनए करतात आणि मग पीसीआरनंच ४००-४०० अक्षरांच्या तुकड्यांच्या भरपूर कॉप्या काढतात. असे ९८ तुकडे, प्रत्येकाचं टोक शेजारच्यावर थोडं चढलेलं, म्हणजे मधे फट राहायला नको. पण सगळे एकाच ट्यूबमध्ये करता येत नाहीत, कारण शेजारशेजारचे प्रायमर (कॉपी कुठनं सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकत्र आले की तेवढ्या चढलेल्या भागाच्याच कॉप्या धडाधड निघायला लागतात, म्हणून एक-तीन-पाच एका ट्यूबमध्ये आणि दोन-चार-सहा दुसऱ्या. मग प्रत्येक पेशंटच्या तुकड्यांना डीएनएचाच वेगळा बारकोड चिकटवायचा आणि सगळ्यांचे एकत्र करून मशीनवर.

मशीन म्हणजे मिनआयन, खिशात मावेल एवढं, लॅपटॉपला यूएसबीनं जोडायचं. आत एक पातळ पडदा आणि त्यात प्रोटीनची भोकं, डीएनएचा एकच धागा जाईल एवढी बारीक. पडद्याला व्होल्टेज दिलं की खारट पाण्यातले आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, त्या भोकातनं वाहतात, तो झाला करंट. एक मोटर प्रोटीन धागा धरून सेकंदाला ४०० च्या आसपास अक्षरं या वेगानं तो आत सोडतं, आणि अक्षरांचे आकार वेगळे असल्यामुळं आयनांची वाट कमी-जास्त अडते. गुऱ्हाळात चरकावरचा माणूस आवाजावरनं सांगतो की गाठ गेली का कांडं, तसंच हे. फक्त भोकात एका वेळी पाचेक अक्षरं असतात, करंट त्या सगळ्यांचा मिळून येतो, चार अक्षरांचे पाच-पाचचे गट १०२४ होतात, त्यातला कुठला ते कॉम्प्युटर आधीच्या-नंतरच्या सिग्नलवरनं ठरवतो. चुका होतातच, म्हणून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून जास्तीत जास्त वेळा जे अक्षर येईल ते धरायचं. या व्हायरसमध्ये महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहतात, त्यामुळं दोन गावातली साथ एकाच साखळीतली आहे का याचा अंदाज पण बांधता येतो.

सांगायचं कारण, याला काचेची मोठी बिल्डिंग लागत नाही. २०१५ ला गिनीमध्ये इबोलाच्या साथीत हीच मशीनं प्रवासाच्या बॅगेतनं नेलेली. पुढं कोविडमध्ये आफ्रिकेतल्या देशांनी मिळून एक लाखाच्या वर जिनोम वाचले. ओमिक्रॉन नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना आणि साऊथ आफ्रिकेनं पकडला, जगाला लगेच सांगितलं, आणि बक्षीस काय तर त्यांचीच विमानं बंद, त्यात सिक्वेन्सिंगची केमिकल्स यायची पण पंचाईत. जिथं सापडला तिथंच जन्मला असं नसतं हो, तिथं वाचणारे लोक होते. आपल्याकडं २ डिसेंबरला पहिल्या दोन केसेस बेंगळुरूला जाहीर झाल्या, त्यातला एक डॉक्टर परदेशात गेलेलाच नव्हता.

आणि त्या काळात आपण काय फॉरवर्ड करत होतो, तर नाकात लिंबू पिळा आणि कापराची पुडी हुंगा. लिंबू पिळून नाकाची आग होते, व्हायरसला काही होत नाही.

चंदगड, गडहिंग्लजचे पेशंट बेळगावच्या हॉस्पिटलात येतात, निपाणीचे कोल्हापूरला जातात, पण महामारीत सिक्वेन्सिंगच्या मोठ्या लॅब इकडं बेंगळुरूला आणि तिकडं पुण्याला. साखळी एकच असली तरी नोंद दोन राज्यांत. जिल्ह्यातच वाचन झालं तर स्वॅबचा प्रवासातला वेळ वाचतो, आणि हजारामागे पाच केसेस २१ दिवसांच्या आत वाचल्या तरी कामचलाऊ नजर ठेवता येते असं २०२२ च्या एका अभ्यासात आलंय. मात्र ते पाच स्वॅब कुणाचे याला फार महत्त्व आहे. खानापूरच्या पीएचसीत साध्या सर्दी-तापानं आलेल्याचा पण त्यात पाहिजे, सीमेच्या पलीकडच्याचा पण पाहिजे, नुसते ॲडमिट झालेल्यांचेच स्वॅब वाचत बसलो तर प्रत्येक व्हेरियंट जीवघेणाच वाटणार.