धान्यातील जड धातू व किरणोत्सार (बेळगाव सीमाभाग)

माती, पाणी, खत किंवा हवेतून आलेले कॅडमियम, शिसे, आर्सेनिक अथवा किरणोत्सारी मूलद्रव्य मुळांवाटे वा पानांवाटे पिकात शिरून दाण्यात साठणे. डोळ्यांना, जिभेला यातले काहीच कळत नाही.

सीमाभागात हा विषय निघाला की बोलणे कैग्याकडे वळते. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा अणुवीज प्रकल्प २००० पासून वीज देतो आहे. पण तो काळी नावाच्या नदीवर आहे; ती नदी कारवारला समुद्रास मिळते, बेळगावच्या शिवाराकडे येत नाही. शिवाय किरणोत्सार प्रत्येक धान्यात मुळातच असतो. किलोभर गव्हात नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे शंभरेक बेक्वेरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) भरतात. चिंता असते ती अपघातानंतर उतरणाऱ्या सीझियम-१३७ ची, कारण ते निम्मे व्हायला ३० वर्षे लागतात. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानने २०१२ मध्ये अन्नातील सीझियमला किलोमागे १०० बेक्वेरेलची मर्यादा घातली.

धातूंची वाट अधिक जवळची आहे. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहराचे सांडपाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातात पसरते; पाणी ओसरल्यावर राहणारा काळा गाळ पुढच्या नांगरटीत मातीत मिसळतो. सांडपाण्यात कारखान्यांचे पाणी असेल तर धातूही तिथेच मुरतात. फॉस्फेटी खतांतूनही थोडे कॅडमियम येते.

भाताचे कोडे निराळेच. शेतात पाणी तुंबलेले असेल तर आर्सेनिक विरघळून पिकात चढते, कॅडमियम मात्र मातीत अडकून राहते. दाणा भरताना शेत सुकवले की उलटे होते. जपानच्या जिंझू खोऱ्यात खाणीतले कॅडमियम नदीतून भातात गेले आणि हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ (‘दुखतंय, दुखतंय’) रोग पसरला. सरकारने तो १९६८ मध्ये मान्य केला. सडून पांढऱ्या केलेल्या (पॉलिश) तांदळासाठी कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके) कमाल मर्यादा किलोमागे कॅडमियम ०.४ व असेंद्रिय आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम आहे.

जमिनीचा गुणही पाहावा लागतो. खानापूरची तांबडी, आम्लधर्मी जमीन कॅडमियम सहज सोडते. अथणी-चिक्कोडीची चुनखडीयुक्त काळी जमीन ते धरून ठेवते. माती आरोग्य पत्रिकेत बारा तपासण्या असतात, पण कॅडमियम, शिसे, आर्सेनिक यांतले एकही त्यांत नाही. म्हणून पत्रिका कन्नडमध्ये असली तरी त्यातला सामूचा (आम्लता दाखवणाऱ्या pH चा) आकडा तेवढा वाचावा. तो ६ च्या खाली असेल तर शेतात चुना टाकण्याला अर्थ आहे.

आर्सेनिक कोंड्यात जास्त असते, त्यामुळे हातसडीचा तांदूळ या एका बाबतीत मागे पडतो. भरपूर पाण्यात भात शिजवून वेळला, तर आर्सेनिकचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. मात्र तीच पेज मीठ घालून प्यायली, तर गेलेले परत पोटात येते.