इर्जिक, ग्रिड आणि दूरची प्रयोगशाळा

पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या गटाने काही वर्षांपूर्वी एक छोटं उपकरण बनवलं. स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी, तिच्यापासून किंचित अंतरावर नायक्रोमच्या तारेचं वेटोळं, शेजारी संगणकात असतो तसला पंखा, पट्टीला तापमानाचा सेन्सर आणि हे सगळं सांभाळणारा एक मायक्रोकंट्रोलर. वेटोळं तापलं की पट्टी तापते, पंखा फिरला की निवते. पट्टीचं तापमान ठरलेल्या अंशावर टिकवून धरेल असा प्रोग्रॅम सायलॅब या गणिती कामांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, एवढंच विद्यार्थ्याचं काम. त्यासाठी त्याने पवईत असायची गरज नव्हती. तासाभराचा स्लॉट आरक्षित करायचा, आपल्या गावातून जोडणी घ्यायची आणि पडद्यावर आलेख चढता-उतरताना पाहायचा. दिवसा, रात्री, केव्हाही.

ऑनलाइन शिक्षणातला हा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिकडे खरी पट्टी खरोखर तापत असते. आलेख थरथरतो, कधी ठरलेल्या अंशाच्या पुढे निघून जातो, इंटरनेट अडखळलं की आज्ञा उशिरा पोहोचते आणि तो उशीरही प्रयोगाचाच भाग होतो. चित्रफितीतून हे हाती लागत नाही. दूरचं यंत्र आपल्याच टेबलावर असल्यासारखं वापरता यावं, या कल्पनेमागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा ग्रिड संगणनाचा आहे.

ज्यांनी इर्जिक पाहिली आहे त्यांना ग्रिड समजायला वेळ लागत नाही. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की शेजारीपाजारी आपापली औतं आणि बैल घेऊन त्याच्या शेतात उतरतात, एका दिवसात काम उरकतात, मालक सगळ्यांना जेवू घालतो. संध्याकाळी बैल ज्याचे त्याच्या गोठ्यात. ग्रिडमध्ये बैलांच्या जागी संगणक असतात. वेगवेगळ्या संस्थांचे, वेगवेगळ्या मालकीचे, पण ठरलेल्या नियमांनी एकमेकांच्या कामाला येणारे. ग्रिडच्या जनकांपैकी एक, इयन फॉस्टर यांनी 2002 मध्ये तीन कलमी कसोटी मांडली. तिचं पहिलंच कलम असं, की ही साधनं एकाच मध्यवर्ती ताब्यात नसावीत.

नाव मात्र विजेवरून आलं. बटण दाबताना वीज कोयनेची की कोराडीची हे कोणी विचारत नाही, तशीच गणनशक्ती मिळावी. 1995 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या सुपरकॉम्प्युटिंग परिषदेत ‘आय-वे’ नावाचा प्रयोग झाला. 17 ठिकाणची यंत्रं वेगवान जाळ्याने जोडून त्यांवर साठेक प्रयोग चालवले गेले. त्या अनुभवातून फॉस्टर, कार्ल केसलमन आणि स्टीव्हन ट्यूकी यांचं ग्लोबस हे सॉफ्टवेअर पुढे आलं आणि पुढची दहाएक वर्षं ग्रिड म्हटलं की ग्लोबस असं समीकरण राहिलं. त्याही आधी, 1980च्या दशकाच्या अखेरीस, विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने ‘कॉन्डॉर’ बांधलं होतं. रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांना ते कामाला जुंपायचं. 1999 ते 2020 या काळात घरोघरच्या संगणकांवर अंतराळातले संकेत तपासणारं ‘सेटी ॲट होम’ याच कुळातलं.

हे सगळं शास्त्रज्ञांसाठी चाललं होतं. विद्यार्थी त्यात शिरला तो प्रामुख्याने अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून. 1990च्या दशकाच्या मध्याला तिथे ‘पंच’ नावाची व्यवस्था उभी राहिली. सिम्युलेशनचं, म्हणजे प्रयोगाची संगणकावर नक्कल करणारं सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या यंत्रांवर, विद्यार्थ्याकडे फक्त ब्राउझर. त्यातूनच ‘नॅनोहब’ घडलं आणि 2002 मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचं मोठं पाठबळ मिळालं. विद्यार्थी ट्रान्झिस्टरची लांबी-जाडी भरतो, बटण दाबतो आणि आलेख येतो. गणित छोटं असेल तर ते पर्ड्यूतच सुटतं, मोठं असेल तर मागच्या मागे राष्ट्रीय ग्रिडवर जातं. विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आयआयटी खरगपूरमध्ये शिकलेले प्रा. सुप्रियो दत्ता यांची नॅनोइलेक्ट्रॉनिक्सवरची व्याख्यानं त्याच ठिकाणी मोफत मिळतात. व्याख्यान आणि ते पडताळायचं साधन एकाच जागी ठेवणं, हे नॅनोहबला फार लवकर सुचलं.

युरोपने वेगळी वाट धरली. 2004 मध्ये युरोपीय संघाच्या निधीतून ‘एलेगी’ प्रकल्प सुरू झाला, नावातच ‘लर्निंग ग्रिड’. ऑनलाइन शिक्षण म्हणजे वाचायची पानं चढवून ठेवणं नव्हे, विद्यार्थ्याने काही करून पाहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी इटलीतल्या कातानियात ‘गिल्डा’ हे खास शिकाऊ लोकांसाठीचं ग्रिड उभं राहिलं.

शिकाऊंसाठी वेगळं ग्रिड कशाला, हे कळायला खरं ग्रिड वापरलेलं असावं लागतं. मी ते एका कार्यशाळेनंतर आमच्या महाविद्यालयाच्या लॅबमध्ये अनुभवलं. ग्रिडवर शिरायला पासवर्ड पुरत नसे, डिजिटल प्रमाणपत्र लागे. त्यासाठी अर्ज, ओळखपत्र, संस्थेची सही. ते हाती आलं की ‘ग्रिड-प्रॉक्सी-इनिट’ ही आज्ञा देऊन तात्पुरता परवाना काढायचा. तो साधारणपणे 12 तासांचा. मग कामाचं वर्णन एका फाइलमध्ये लिहून पाठवायचं आणि रांगेत वाट पाहायची. आमच्या एका विद्यार्थिनीचा परवाना वारंवार नाकारला जात होता, ‘अजून वैध नाही’ असं उत्तर येई. दुपार गेली. शेवटी कळलं, त्या पीसीची आतली बॅटरी संपल्याने घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, म्हणून परवानाही दहा मिनिटं पुढच्या वेळेचा निघत होता. घड्याळ लावलं, परवाना स्वीकारला गेला. पण महाविद्यालयाच्या फायरवॉलने, म्हणजे जाळ्याच्या पहारेकऱ्याने, वेबखेरीज बाकी सगळे पोर्ट, म्हणजे ये-जा करायच्या वाटा, बंद ठेवले होते आणि काम तिथेच अडलं. ती मुलगी पुढे उत्तम प्रोग्रॅमर झाली, ग्रिडकडे मात्र पुन्हा वळली नाही. गिल्डाने नेमका हाच काच कमी केला. थोड्या दिवसांची प्रमाणपत्रं चटकन द्यायची आणि बाकीचं वेब पोर्टलवरून करू द्यायचं.

भारतातली गोष्ट जाळ्यापासून सुरू होते. 1986 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं सुरू झालं. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था, अशा मोजक्या संस्था त्यात होत्या. एनसीएसटी पुढे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाली. सी-डॅकचा जन्म 1988 मध्ये पुण्यात झाला. अमेरिकेकडून हवा तसा सुपरकॉम्प्युटर मिळेना, म्हणून विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 बांधला गेला. कुठे तरी एकच मोठा संगणक आणि त्याच्याभोवती वाट पाहणारा सगळा देश, हा अनुभव आपल्याला चांगलाच होता. त्यामुळे वाटून वापरायची कल्पना इथे लवकर रुजली.

2000च्या दशकाच्या मध्याला सी-डॅकने ‘गरुड’ हे राष्ट्रीय ग्रिड उभारलं. 17 शहरांतल्या 45 संस्था, अर्नेटचं जाळं, खाली ग्लोबस. पूरस्थितीचा अंदाज, जैवमाहितीशास्त्र, औषधशोध अशी कामं त्यावर झाली. कुलाब्याची टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था त्याच काळात सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जागतिक ग्रिडचं एक केंद्र झाली आणि त्या निमित्ताने ग्रिड चालवणारी माणसं इथे तयार झाली. गरुडने संशोधकांना बळ दिलं, यात शंका नाही. पण तालुक्याच्या गावातल्या पदवीच्या मुलापर्यंत ते पोहोचलं नाही, कारण त्याच्या महाविद्यालयापर्यंत तसं जाळंच नव्हतं.

त्या उणिवेवर काम झालं ते दोन योजनांतून. फेब्रुवारी 2009 मध्ये शिक्षणासाठीचं राष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. मार्च 2010 मध्ये राष्ट्रीय ज्ञान जालाला 5,990 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि दीड हजारांवर संस्था वेगवान तारेने जोडण्याचं ठरलं. पुढे गरुडही याच जालावर गेलं. अभियानातून आभासी प्रयोगशाळा आल्या. त्यांत आयआयटींच्या जोडीला पुण्याचं सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालयही होतं. पवईची ती तापणारी पट्टी याच काळातली. तिच्यात प्रमाणपत्र नाही, ग्लोबस नाही, पण एका संस्थेचं यंत्र दुसऱ्या संस्थेच्या मुलाने आपलं समजून वापरायचं, हा इर्जिकेचा गाभा तिच्यात शाबूत आहे.

तोवर बाहेर वारं फिरलं होतं. 2006 मध्ये ॲमेझॉनने तासाच्या भाड्याने संगणक द्यायला सुरुवात केली. क्लाउड आलं आणि ग्रिड हा शब्द हळूहळू मागे पडला. आज आमची मुलं ब्राउझरमध्ये गूगलचं कोलॅब उघडतात, बटण दाबतात, कुठल्याशा खंडातलं यंत्र त्यांचं मॉडेल चालवून देतं. ना घड्याळाची कटकट, ना पोर्टची. फॉस्टर आणि केसलमन यांनी वीजग्रिडच्या उपमेने जे सांगितलं होतं ते असं खरं झालं, फक्त बैल आता शेजाऱ्याचे नाहीत. हा भाड्याचा ट्रॅक्टर आहे. तो वेळेवर येतो, काम झकास करतो, आणि मोफत वापराची मर्यादा त्याचा मालक ठरवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ती मर्यादा संपलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना त्या क्षणी जाऊन विचारावं असं कोणीही नसतं.

म्हणून 2015 ची एक घोषणा मला महत्त्वाची वाटते. 4,500 कोटींच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमध्ये सत्तरहून अधिक केंद्रं ज्ञान जालाने जोडून त्यांचं एक ग्रिड करायचं, असं सरकारने जाहीर केलं. मागे पडलेला शब्द पुन्हा कागदावर आला. त्यातला परम ब्रह्म 2019 मध्ये पुण्यातच, पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत सुरू झाला. संशोधकांच्या रांगेला धक्का न लावता अशा प्रत्येक यंत्रावर रात्रीचे दोन तास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावेत आणि त्यांना ते ब्राउझरमधून, पवईच्या पट्टीसारखे, स्लॉट लावून मिळावेत. स्लॉटची पद्धत पवईत चालवून झालेली आहे आणि तारा दीड हजार संस्थांसाठी मंजूर झाल्या आहेत. पदवीच्या महाविद्यालयाला अर्ज करता येईल असा रकाना तेवढा त्या केंद्रांच्या नियमावलीत यायला हवा.