देवदासी पुनर्वसन, बेळगाव सीमाभाग

लहानपणी यल्लम्मा देवीला सोडलेल्या, म्हणजे देवदासी म्हणून वाहिलेल्या, मुलींना पुढे शासनाकडून मिळणारे साहाय्य. या प्रथेचे केंद्र बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीचा डोंगर. निपाणी, चिकोडी आणि राज्यसीमेपलीकडच्या गडहिंग्लज भागातूनही मुली तेथे नेल्या जात.

देवीच्या नावाची ‘एल्लर अम्म’, म्हणजे सर्वांची आई, ही फोड लोकप्रिय आहे. कानडीत ‘एल्ले’ म्हणजे शीव. त्यावरून ती मुळात शिवेवरची ग्रामदेवता असावी, असे दुसरे मत. वारुळाशी असलेले तिचे नाते पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रेणुका-जमदग्नीची कथा तिला मागाहून जोडली गेली असावी. सौंदत्ती ही रट्ट राजघराण्याची राजधानी. डोंगरावरील मंदिर सामान्यतः १५१४ च्या सुमाराचे मानतात, रायबागच्या बोम्मप्पा नायकाने ते बांधल्याचे सांगतात. मुली सोडण्याची चाल मंदिराइतकीच जुनी आहे की काय, हे मात्र त्यावरून ठरत नाही. डोक्यात जट आली की देवीचे बोलावणे आले असे समजून मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन (कानडीत ‘मुत्तु’) बांधत. त्यासाठी माघी पौर्णिमा विशेष मानली जाई. मुली बहुतांशी दलित घरांतल्या.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये या प्रथेला बंदी घातली. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात असल्याने तेथे १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा लागू झाला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही या भागापुरता चालू राहिला. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. कर्नाटकाने १९८२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात विधी करणाऱ्यास किंवा त्यात सामील होणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली होती. आईबाप, पालक वा नातेवाईक दोषी असतील तर दोन ते पाच वर्षे. महाराष्ट्राचा कायदा २००५ चा.

कर्नाटकातील साहाय्याचा पाया म्हणजे देवदासींच्या दोन पाहण्या. १९९३-९४ च्या पाहणीत २२,८७३ आणि २००७-०८ मध्ये आणखी २३,७८७ स्त्रियांची नोंद झाली. मासिक निर्वाहवेतन आणि घरकुल यांसाठी या पाहण्यांच्या यादीत नाव असणे हाच मुख्य पुरावा. योजना कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळामार्फत चालते. घटप्रभेची ‘मास’ ही माजी देवदासींचीच संघटना १९९७ पासून या कामात आहे. १९८२ च्या कायद्यानंतर सोडलेल्या मुलीची अडचण निराळी: नाव नोंदवायचे तर आईबापांचा गुन्हा उघड होतो.

हे निर्वाहवेतन कल्याणकारी मदत आहे, नुकसानभरपाई नव्हे. भरपाईचा मार्ग पॉक्सो कायद्याचा, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याचा (१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू). धार्मिक संस्थेचे व्यवस्थापन वा कर्मचारी यांनी त्या संस्थेतील बालकावर केलेला लैंगिक अत्याचार त्यात अधिक गंभीर गुन्हा ठरतो. २०२० च्या नियमांनुसार विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकते. तो हाती आल्यापासून तीस दिवसांत रक्कम द्यावी लागते. बालकल्याण समिती अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चाची शिफारस करू शकते. विधी मात्र आता डोंगरावरून लहान देवळांत आणि घरांत सरकले आहेत. पुजाऱ्याचे घर ‘धार्मिक संस्था’ मानायचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. अर्थ व्यापक लावणेच कायद्याच्या हेतूला धरून होईल.