दंतिनाची अतिसंवेदनशीलता

गार पाणी, गरम चहा, आंबट-गोड पदार्थ, थंड वारा किंवा ब्रशचा नुसता स्पर्श यांमुळे दातात क्षणभर उठणारी तीक्ष्ण कळ. बोलीभाषेत दात शिवशिवणे, दाताला गार लागणे, सणक जाणे असे म्हणतात; दंतवैद्यांच्या दवाखान्यात ‘सेन्सिटिव्हिटी’ हाच शब्द रुळला आहे. कारण दूर होताच कळ थांबते. किडलेला दात, दाताला गेलेला तडा, गळके भरण किंवा दंतमज्जेचा (दाताच्या गाभ्यातील मऊ, जिवंत भागाचा) दाह यांपैकी काहीच सापडले नाही, तरच हे निदान करतात. गार लागल्यावर कळ बराच वेळ रेंगाळत असेल किंवा दात रात्री आपोआप ठणकत असेल, तर तो दुसराच विकार समजावा आणि त्यावर या नोंदीतले उपाय करत बसू नये.

दाताच्या शिखरावर दंतवल्काचे (इनॅमलचे) आणि मुळावर संधानकाचे (सिमेंटमचे) आवरण असते. त्यांच्याखालचा पिवळसर, जिवंत थर म्हणजे दंतिन. ही आवरणे दाताच्या मानेशी एकमेकांना भेटतात. सुमारे 60 टक्के दातांत संधानक दंतवल्कावर चढलेले असते, 30 टक्क्यांत दोन्हींच्या कडा टेकतात आणि 10 टक्क्यांत मध्ये फट राहून दंतिन मुळातच उघडे असते, अशी वाटणी पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकाच दाताभोवती एकाहून अधिक प्रकार आढळतात, म्हणून हे आकडे ढोबळ मानावेत.

दंतिनात मज्जेपासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. मज्जेजवळ दर चौरस मिलिमीटरला सुमारे 45,000 ते 65,000, तर दंतवल्काच्या बाजूला 15,000 ते 20,000 नलिका भरतात. त्यांचा व्यास आत सुमारे 2.5 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आणि बाहेर 1 मायक्रॉनहून कमी असतो. डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच या नळ्या पाहिल्या होत्या. त्यांत मऊ तंतू शिरलेले असतात हे इंग्लिश दंतवैद्य जॉन टोम्स यांनी 1856 मध्ये दाखवले. दंतिन बनवणाऱ्या पेशींचे हे प्रवर्ध (लांब फाटे) आजही टोम्स तंतू म्हणूनच ओळखले जातात.

वेदना उत्पन्न कशी होते, याविषयी तीन मते आहेत. पहिल्यानुसार चेतातंतू नलिकांतून थेट दंतिनाच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात. हे मत आता मागे पडले आहे, कारण चेतातंतू नलिकेच्या आतल्या टोकाशी 100-150 मायक्रॉनपर्यंतच आढळतात. शिवाय उघड्या दंतिनावर वेदनाकारक रसायने लावली तरी कळ येतेच असे नाही आणि बधिरक औषध लावले तरी कळ थांबत नाही. दुसऱ्या मतानुसार दंतिनजनक पेशीच संवेदना टिपून चेतातंतूंना कळवतात. तिसरे मत जलगतिक सिद्धांताचे: नलिकांतला द्रव हलतो आणि त्या हालचालीने आतल्या टोकाचे ए-डेल्टा (तीक्ष्ण वेदना झटकन वाहून नेणारे) चेतातंतू उद्दीपित होतात. द्रवाच्या हालचालीची कल्पना झुरिकचे गीझी यांनी 1900 मध्ये मांडली होती. तिला प्रयोगांचा भक्कम आधार 1960 च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रम यांनी दिला. उघड्या दंतिनावर कोरडा टीपकागद टेकवला किंवा हवेचा झोत सोडला तरी कळ येते. या दोन्हींत रसायनाचा संबंध नाही, द्रव मात्र बाहेर ओढला जातो. गारव्याने द्रव बाहेरच्या दिशेने सरकतो, उष्णतेने आत. आणि चेतातंतूंना बाहेरचा प्रवाह अधिक बोचतो. गरम चहापेक्षा बर्फाच्या पाण्याची तक्रार जास्त ऐकू येते ती यामुळे.

आब्सी, अ‍ॅडी व अ‍ॅडम्स या संशोधकांनी उपटून काढलेल्या शिवशिवणाऱ्या व न शिवशिवणाऱ्या दातांची तुलना 1987 मध्ये केली. शिवशिवणाऱ्या दातांच्या पृष्ठभागावर उघड्या नलिका सुमारे आठपट होत्या आणि त्यांचा व्यास जवळजवळ दुप्पट होता. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो, म्हणून व्यास दुप्पट झाला तर प्रवाह सोळापट होतो. एकाच तोंडात, तेवढीच हिरडी सरकलेली असताना, एक दात सणकतो आणि शेजारचा गप्प राहतो याचा उलगडा अन्य कोणत्याही मताने इतका चांगला होत नाही. तरीही दुसरे मत मोडीत निघालेले नाही. 2021 मध्ये दंतिनजनक पेशींतील टीआरपीसी-5 ही आयनवाहिनी (पेशीच्या आवरणातील विद्युतभारित कणांची वाट) उंदरांच्या दातांत थंडी टिपते असे दाखवण्यात आले. ती मानवी दातांतही सापडली. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हीच वाहिनी अडवते. दातावर लवंगतेलाचा बोळा ठेवण्याच्या जुन्या घरगुती उपायाला त्यातून एक स्पष्टीकरण मिळते. प्रस्तुत नोंदीत जलगतिक सिद्धांत मुख्य धरला आहे. पेशींचा वाटा त्याला पूरक असावा.

आयुर्वेदात या लक्षणसमूहाशी सर्वांत जवळचा विकार म्हणजे दंतहर्ष. सुश्रुतसंहितेत (आजच्या रूपात बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली) तो आठ दंतरोगांत मोडतो आणि वातज मानला आहे; माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात मात्र पित्त व वात असे दोन दोष सांगितले आहेत. ‘अष्टांगहृदय’कार वाग्भटाने, साधारण सातव्या शतकात, वारा, आंबट आणि गार खाणे सहन न होणे ही लक्षणे दिली. वाऱ्याचा हा उल्लेख लक्षणीय आहे, कारण हवेचा झोत सोडून पाहणे हीच आज दवाखान्यातली नेहमीची चाचणी आहे. मात्र चरकसंहितेत आम्लरसाच्या अतिसेवनाने दात हर्षित होतात (शहारतात) असे म्हटले आहे. तिथे कैरी-चिंच खाऊन दात आंबण्याचा तात्पुरता परिणाम अभिप्रेत असावा. दंतहर्ष म्हणजे नेमकी आजची अतिसंवेदनशीलता, असे समीकरण मांडणे धाडसाचे ठरेल. उपचारांत कोमट स्नेहाच्या (तेला-तुपाच्या) गुळण्या, नस्य (नाकात औषध सोडणे) आणि मऊ आहार येतात. दंतरोग्याने आंबट फळे, गार पाणी, रूक्ष अन्न, कठीण पदार्थ आणि दंतधावनही टाळावे, असा सुश्रुताचा सल्ला आहे. दातवण घासणे वर्ज्य करणारा हा निर्बंध आजच्या दंतवैद्याला मान्य होणार नाही, पण त्यामागचे निरीक्षण चुकीचे नव्हते.

विकार होण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागतात: दंतिन उघडे पडणे आणि नलिकांची तोंडे मोकळी होणे. हिरडी सरकल्याने, जोर लावून आडवे घासल्याने किंवा हिरड्यांच्या शस्त्रक्रियेने दंतिन उघडे पडते. नलिकांच्या तोंडावर साचलेला बारीक चुऱ्याचा थर आम्लात विरघळतो. दंतवल्क सुमारे 5.5 पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) विरघळू लागते, दंतिन त्याहून सौम्य आम्लातही. लिंबूपाणी, शीतपेये, वरचेवर होणारी उलटी आणि जठरातून वर येणारे आम्ल ही नेहमीची कारणे. आम्लाने मऊ झालेल्या पृष्ठभागावर लगेच ब्रश फिरवला की झीज वाढते. महाराष्ट्रात मशेरी लावण्याची सवय, विटेची भुकटी किंवा कोळसा यांनी घासणे याही बाबी विचारात घ्याव्या लागतात. सुळे आणि उपदाढा यांच्या ओठ-गालांकडील मानेवर त्रास जास्त असतो. उजव्या हाताने घासणाऱ्यांत डावी बाजू अधिक दुखते, असेही काही पाहण्यांत दिसले. विकाराच्या प्रमाणाबद्दल एकमत नाही. 2019 च्या एका एकत्रित विश्लेषणात निरनिराळ्या पाहण्यांतले आकडे 1.3 ते 92.1 टक्के इतके विखुरलेले होते. लेखकांनी स्वतः 11.5 टक्के हा अंदाज अधिक विश्वसनीय मानला.

उपचारांच्या दोन दिशा आहेत: नलिका बुजवणे किंवा चेतातंतू शांत करणे. पूर्वी सिल्व्हर नायट्रेट लावत, पण त्याने दात काळा पडतो. चांगल्या औषधाने मज्जेला इजा करू नये, दुखू नये, रंग बदलू नये, परिणाम लवकर व्हावा आणि टिकावा, अशा कसोट्या ग्रॉसमन यांनी 1935 मध्ये घालून दिल्या. स्ट्राँशियम क्लोराइडची ‘सेन्सोडाइन’ पेस्ट 1961 मध्ये अमेरिकेत आली. हॉडोश यांनी 1974 मध्ये पोटॅशियम नायट्रेटची शिफारस केली. बहुतेक पेस्टमध्ये ते 5 टक्के असते. पोटॅशियमने चेतातंतू शिथिल होतो हे प्रयोगशाळेत पटते, पण बाहेर वाहणाऱ्या द्रवाविरुद्ध ते आत कितपत पोचते ही शंका राहतेच, आणि 2006 च्या कॉक्रेन आढाव्यालाही (वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा) त्याच्या बाजूने स्पष्ट पुरावा मिळाला नव्हता. नंतर आलेली आर्जिनीन-कॅल्शियम कार्बोनेट, स्टॅनस फ्लोराइड आणि कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट ही द्रव्ये नलिका बुजवतात. तर्काने ही दिशा अधिक सरळ आहे. चाचण्यांत औषधविरहित पेस्ट वापरणाऱ्यांनाही बराच आराम पडतो, त्यामुळे कोणत्याही पेस्टचे श्रेय ठरवणे अवघड जाते.

कोणतीही पेस्ट दिवसातून दोनदा, काही आठवडे, मऊ ब्रशने वापरावी लागते. तेवढ्याने भागले नाही तर दंतवैद्य फ्लोराइडचे वार्निश किंवा ग्लूटाराल्डिहाइडयुक्त द्रावण लावतात. मानेशी खाच पडली असेल तर ती ग्लास आयोनोमर किंवा कंपोझिटने भरतात, आणि हिरडी फार सरकली असेल तर तिचे रोपण करतात. लेसरचे परिणाम अद्याप एकसारखे आलेले नाहीत. दात पांढरे करून घेतल्यावर येणारी शिवशिव सहसा काही दिवसांत आपोआप जाते.