गिझरमधली झिजणारी कांडी

सर्व्हिसिंगच्या वेळी गिझरमधून उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसणारी एक कांडी निघते. ती पाहून ‘माल हलका निघाला’ असं अनेकांना वाटतं. हा गैरसमज आहे. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच या कांडीचं, म्हणजे ॲनोड रॉडचं काम. वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही ती जशीच्या तशी निघाली, तर मला टाकीची काळजी वाटेल.

टाकी पोलादाची असते. आतून काचेसारख्या इनॅमलचा थर दिलेला असतो, पण त्यात बारीक छिद्रं राहतातच. तिथे पाणी लोखंडाला भिडतं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनाच्या, म्हणजे विद्युतभारित कणाच्या रूपात पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो आणि गंज सुरू होतो.

मॅग्नेशियमची कांडी आली की चित्र पालटतं. लोखंडाचा प्रमाण विद्युतविभव उणे ०.४४ व्होल्ट, मॅग्नेशियमचा उणे २.३७. आकडा जितका अधिक ऋण, तितकी इलेक्ट्रॉन देण्याची ओढ जास्त. म्हणून मॅग्नेशियम विरघळतं. त्याचे इलेक्ट्रॉन कांडीतल्या पोलादी गाभ्यातून टाकीच्या पत्र्यात जातात आणि छिद्रापाशी ऑक्सिजनला मिळतात. पाण्यातले आयन मंडल पूर्ण करतात. इलेक्ट्रॉनचा पुरवठा बाहेरून होत असल्याने लोखंडाला स्वतःचे सोडावे लागत नाहीत. टाकी म्हणजे एक विद्युतघटच!

ही युक्ती इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये मांडली. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा त्यांनी जस्त आणि लोखंड जोडून वाचवला. पण तांबं विरघळायचं थांबताच पत्र्यावर समुद्री जीव चिकटू लागले, कारण त्यांना दूर ठेवणारे तांब्याचे आयनच मिळेनात. प्रयोग यशस्वी झाला म्हणून अडचण आली, हे मला फार विलक्षण वाटतं.

पाइपवर लावायचे ‘गंजरोधक’ लोहचुंबक मात्र इलेक्ट्रॉन पुरवत नाहीत. त्यांच्या भरवशावर टाकी सोडू नका.

कांडी दर एक-दोन वर्षांनी तपासून घ्यावी. आतली पोलादी तार उघडी दिसू लागली की बदलावी. सॉफ्टनरमधलं (जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातलं) पाणी वापरत असाल तर लवकर तपासा, त्यात कांडी जास्त वेगाने झिजते. काम मेकॅनिककडून करून घ्या, आणि त्याआधी वीज व पाणी बंद करून टाकी थंड होऊ द्या. तळाचा गाळही त्याच वेळी काढून घ्यावा.

गरम पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर काही जीवाणू मॅग्नेशियमपासून सुटणाऱ्या हायड्रोजनवर पोसत असण्याची शक्यता असते. अशा वेळी ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूची कांडी बसवून पाहतात. वासाला कंटाळून कांडीच काढून टाकू नका.